पावसाळ्यात घरात अडकलेल्या कुत्र्याच्या मनाला काम कसे द्यावे

मिरगाचा पाऊस स्थिरावला की फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी दर वर्षी एकच दृश्य दिसते. राणी ही आमची सहा वर्षांची गावठी कुत्री बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, दगडी बाकावर हनुवटी टेकवून तासन्‌तास अंगणाकडे बघत राहते, आणि चिकू हा तीन वर्षांचा लॅब्राडोर दारातल्या चपला एकेक करून आत आणतो आणि कुरतडून टाकतो. पहिल्या पावसाळ्यात आम्ही राणीच्या बसण्याला शहाणपण आणि चिकूच्या कुरतडण्याला खोडकरपणा समजलो होतो. दोघांनाही एकच गोष्ट कमी पडत होती, आणि दोघे ती आपापल्या स्वभावाप्रमाणे सांगत होते, हे कळायला आम्हाला पूर्ण एक आषाढ लागला.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि त्यातही जुलैमध्ये सर्वाधिक; सत्तरी आणि सांगे या डोंगराकडच्या भागांत तो किनाऱ्यापेक्षाही जास्त असतो. म्हणजे आपल्याकडे प्रश्न एखाद्या खराब दिवसाचा नसून जवळजवळ शंभर दिवसांचा आहे. एखादा दिवस कुत्र्याला चेंडू टाकून रमवता येते, पण शंभर दिवसांसाठी रोजच्या दिनक्रमातच बदल करावा लागतो. पुढे दिलेली पद्धत आम्ही गेल्या चार पावसाळ्यांत चुकत आणि सुधारत बसवलेली आहे.

फिरण्यातून कुत्र्याला नेमके काय मिळते

बहुतेक घरांत फिरायला नेणे म्हणजे व्यायाम असे समजले जाते, आणि म्हणून पाऊस लागला की माणसे घरातच धावपळीचे खेळ शोधू लागतात. पण आपला कुत्रा फिरताना काय करतो, हे एकदा घड्याळ लावून बघावे. अर्ध्या तासातला मोठा भाग तो विजेच्या खांबाशी, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कोपऱ्याशी, शेजाऱ्याच्या फाटकाशी नाक लावून उभा असतो. माणसाच्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख गंधग्राही पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार साधारण १२ ते ३० कोटी. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे जाते, त्यामुळे समोरचा गंध फारसा विस्कटत नाही आणि हुंगणे अखंड चालू राहते. रात्री कोण येऊन गेले, ते कोणत्या दिशेने गेले, ते ओळखीचे होते की परके, ही सगळी माहिती त्याला तिथे मिळते, आणि पुढे कुठल्या बाजूला वळायचे हे तो त्यावरून ठरवतो.

तेव्हा पावसाने कुत्र्याकडून धावणे हिरावले जाते हे खरे असले, तरी त्याहून मोठे नुकसान वास घेण्याचे आणि स्वतः काही ठरवण्याचे आहे. घरातला वास रोज तोच असतो, आणि घरातले सगळे निर्णय आपण घेतो. या लेखातली प्रत्येक पायरी या दोन गोष्टी परत देण्यासाठी आहे, आणि एखादा नवा खेळ निवडताना त्यात नाकाला काम आहे का आणि कुत्र्याला निवड करायला वाव आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुरे होतात.

आधी आजार आणि भीती बाजूला काढावी

सतत चाटणे, भिंतीला अंग घासणे, रात्री येरझाऱ्या घालणे, विनाकारण भुंकणे, घरच्या माणसामागे पाऊलभर अंतरावर फिरणे ही कंटाळ्याची लक्षणे असू शकतात. पण पावसाळ्यात हीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही दिसतात. दमट हवेत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानात बुरशीचा संसर्ग लवकर होतो, बोटांच्या बेचक्यांत ओल राहून कातडी लाल होते, आणि गोचिडांचा त्रास वाढतो. म्हणून कुठलाही खेळ सुरू करण्यापूर्वी दोन-तीन दिवस कुत्र्याकडे नुसते लक्ष द्यावे. कान उलटून वास घ्यावा, पायांची बोटे फाकवून बघावी, आणि तो एकच जागा पुन्हा पुन्हा चाटत असेल तर पशुवैद्याला दाखवावे. खाज सुटलेल्या कुत्र्याला कोडी देऊन काही साधत नाही.

लेप्टोस्पायरोसिसचा उल्लेख इथेच करणे मला आवश्यक वाटते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार कुत्र्यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही होऊ शकतो. त्याची लस असते आणि ती दर वर्षी द्यावी लागते. ती पाऊस लागण्यापूर्वी, मे महिन्यातच टोचून घेणे सोयीचे. कुत्रा अचानक जेवेनासा झाला, ताप आला, उलट्या झाल्या किंवा डोळे व हिरड्या पिवळसर दिसू लागल्या, तर कंटाळा असेल असे म्हणत एक दिवसही घालवू नये.

जागा, शब्द आणि अन्न यांची तयारी

घरातली एक खोली किंवा हॉलचा एक भाग कामासाठी ठरवून घ्यावा. आजकालच्या गुळगुळीत टाइल्सवर, त्यातही ओलसर हवेत, कुत्र्याचे पाय घसरतात. घसरण्याची भीती बसलेला कुत्रा मोकळेपणी शोध घेत नाही, आणि म्हाताऱ्या किंवा जड कुत्र्याच्या सांध्यांना इजाही होते. दोन-तीन जुनी गोणपाटे किंवा सुती चटया खाली रबरी जाळी घालून अंथरल्या की काम भागते. गोणपाट स्वस्त असते, धुता येते, आणि त्याच्या विणीत वास चांगला धरून राहतो, हा त्याचा मोठा गुण आहे. मात्र ते पूर्ण सुकल्याशिवाय परत वापरू नये.

दुसरी तयारी शब्दांची, आणि गोव्यातल्या घरांत ती विशेष जपून करावी लागते. आमच्या घरी आजी कुत्र्याला कोकणीत ‘यो’ म्हणते, मी मराठीत ‘ये’ म्हणतो आणि मुले इंग्रजीत ‘कम’ म्हणतात. कुत्रा भाषा जाणत नाही, तो आवाज ओळखतो. त्यामुळे एका कृतीला एकच शब्द, तोही घरातल्या सगळ्यांच्या तोंडी सारखाच, हा नियम कागदावर लिहून फ्रिजवर लावावा. शोधण्यासाठी आम्ही सुरुवातीला कोकणीतला ‘सोद’ वापरला आणि तोंडातली वस्तू टाकण्यासाठी ‘सोड’. चिकू आठवडाभर गोंधळला, शोधायला सांगितले की तोंडातला चेंडू टाकून आमच्याकडे बघत राहायचा. दोन शब्दांत जेमतेम एका अक्षराचा फरक होता आणि दोष सर्वस्वी आमचा होता. तेव्हापासून शोधण्यासाठी ‘हुंग’ हा शब्द ठरला. याशिवाय बरोबर कृतीच्या क्षणी उच्चारायचा एक छोटा शब्दही लागतो. आमचा ‘बेस’ आहे. तो ऐकू आला की घास नक्की मिळणार, एवढा विश्वास त्या शब्दावर बसला पाहिजे.

तिसरी तयारी अन्नाची. कुत्र्याचे दिवसाचे सगळे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि खेळांसाठी लागणारे अन्न त्याच डब्यातून घ्यावे. पावसाळ्यात चालणे कमी झालेले असते. वरून खाऊ देत राहिलो तर श्रावण संपेपर्यंत कुत्रा जड होतो. अधिक आवडीचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस वाटाण्याएवढे तुकडे करून, उकडलेला लाल भोपळा, गाजर, आणि आपल्याकडे पावसाळ्यात भरपूर येणारे तवशे, म्हणजे मोठी काकडी, हे सगळे चालते. सुक्या मासळीचा वास कुत्र्याला फार प्रिय, पण बाजारातल्या सुक्या बांगड्यांत मीठ खूप असते, म्हणून ते खायला देऊ नये.

काय देऊ नये, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असले पाहिजे. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात, त्यामुळे हुमण, म्हणजे माशांची आमटी, कालवलेला भात देण्याची गावातली पद्धत सोडावी. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि चिंचेतले आम्लही त्याच कारणासाठी संशयित मानले जाते. चवथीच्या नेवऱ्यांत, म्हणजे गणेश चतुर्थीच्या करंज्यांत, बेदाणे असतात, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. चॉकलेट, आणि ज्यात झायलिटॉल नावाची कृत्रिम साखर आहे असे शेंगदाण्याचे बटर किंवा च्युइंगम, हेही धोक्याचे. कुळागराजवळ, म्हणजे सुपारीच्या बागेजवळ, राहणाऱ्यांनी पडलेली सुपारी कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. तिच्यातील आरेकोलीन कुत्र्याला बाधते.

नाकाचे काम: चार टप्पे

सगळ्या पायऱ्यांत ही मुख्य आहे. वेळ थोडा असेल तर बाकीचे सोडावे आणि एवढेच करावे.

पहिला टप्पा दोन-तीन दिवसांचा. पंखा बंद करावा, कारण वाऱ्याने वास खोलीभर विखुरतो आणि नव्या कुत्र्याला तो कुठून येतो हे कळत नाही. कुत्र्याला कोणीतरी धरून ठेवावे, त्याच्यादेखत गोणपाटावर पाच-सहा घास टाकावेत आणि ‘हुंग’ म्हणून सोडावे. हे पाच-सहा वेळा केले की पुरे. इथे काही अवघड नाही, आणि तसेच ते असले पाहिजे. ‘हुंग’ ऐकले की नाक खाली घालायचे आणि काहीतरी सापडतेच, एवढाच धडा यात आहे. काही कुत्री, विशेषतः भीत भीत वाढलेली, आयते ताटात आलेले अन्न शोधाव्या लागणाऱ्या अन्नापेक्षा पसंत करतात. त्यांच्यासाठी हा टप्पा आठवडाभर चालवावा.

दुसऱ्या टप्प्यात घास लपवायला सुरुवात करावी. आधी कुत्र्याच्या नजरेसमोर खुर्चीच्या पायामागे, मग तो दुसऱ्या खोलीत असताना. सुरुवातीच्या जागा जमिनीवरच असाव्यात, नंतर त्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि महिन्याभराने त्याहून वर, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर किंवा स्टुलावर. लपवल्यानंतर लगेच न सोडता दहा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात वास पसरतो आणि कुत्र्याला त्याची कड पकडून मुळापर्यंत जाण्याचे खरे काम मिळते. तो खोलीच्या मध्यावर थबकतो, डोके एका बाजूला वळवतो, दोन पावले मागे येतो आणि मग थेट जागेवर जातो, हे बघताना कुत्रा विचार करतो यावर वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही.

या टप्प्यावर सगळ्यांच्या हातून एक चूक होते. कुत्रा भलतीकडे गेला की माणसे बोटाने जागा दाखवतात. कुत्री माणसाचा हात आणि नजर वाचण्यात फार तरबेज असतात, त्यामुळे दोनदा बोट दाखवले की तिसऱ्या वेळी ती नाक वापरायचे सोडून आपल्या तोंडाकडे बघत बसतात. हात मागे बांधावेत, जागेकडे टक लावून बघू नये, आणि ‘नाही’ हा शब्द या खेळात मुळीच उच्चारू नये. दोन मिनिटे झाली तरी सापडत नसेल, तर जागा फार कठीण निवडली असे समजावे आणि कुत्र्याला बाहेर नेऊन घास सोप्या जागी ठेवावा.

तिसरा टप्पा खोक्यांचा. किराणा दुकानातून पुठ्ठ्याची पाच-सहा रिकामी खोकी आणावीत, त्यांच्या पिना आणि चिकटपट्टी काढावी, आणि तोंडे वर करून ती पसरावीत. एका खोक्यात घास ठेवावा. अन्नाचे खोके नेहमी तेच वापरावे आणि त्यावर खूण करावी, कारण एकदा कोंबडीचा तुकडा ठेवलेल्या खोक्यात वास राहून जातो आणि उद्या ते रिकामे असेल तर कुत्र्याचे बरोबर उत्तर आपण चूक ठरवतो. सापडल्यावर जास्तीचे दोन घास त्याच खोक्यात टाकावेत; बक्षीस आपल्या हातात नसून वासाच्या जागी असते, हे त्याला पटले पाहिजे.

चौथा टप्पा ज्यांना आणि ज्यांच्या कुत्र्यांना यात गोडी लागली त्यांच्यासाठी. इथे अन्नाऐवजी एक ठरावीक वास शोधायला शिकवायचे. आम्ही लवंग निवडली, कारण ती घरात असते आणि कुत्र्यांच्या गंधशोधाच्या स्पर्धांतही लवंगेचा वास वापरला जातो. छोट्या पत्र्याच्या डबीला झाकणात भोके पाडून, कडा घासून गुळगुळीत करून, आत दोन लवंगा ठेवाव्यात. डबी घट्ट बंद राहील याची खात्री करावी, कारण लवंग हुंगण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. पहिले चार-पाच दिवस डबी आणि घास एकाच खोक्यात ठेवावेत. मग घास काढून फक्त डबी ठेवावी, आणि कुत्र्याने तिला नाक लावताच ‘बेस’ म्हणून तिथेच खाऊ द्यावा. दोनेक आठवड्यांत बहुतेक कुत्री लवंगेच्या डबीपाशी थांबून आपल्याकडे वळून बघू लागतात. राणीला हे चिकूच्या आधी जमले, आणि ज्या कुत्रीला आम्ही शांत म्हणून दुर्लक्षित ठेवले होते तिच्या डोळ्यांत त्या दिवशी आलेली चमक मी विसरणार नाही.

हे काम दहा मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये. शोध घेताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हुंगतो आणि त्याने खरोखर दमतो. तो जीभ काढून धापा टाकत असेल तर सुरूच करू नये, कारण धापा टाकणे आणि हुंगणे एकाच वेळी नीट होत नाही. दमट दुपारी आधी त्याला पंख्याखाली निवू द्यावे, मग पंखा बंद करावा.

याच्या जोडीला वासाची पेटी ठेवावी. उघडीप मिळाली की येता येता आपण बाहेरून दोन-तीन वस्तू आणाव्यात: कुळागरातला झावळीचा सुका तुकडा, फणसाची पाने, शेजाऱ्याच्या गोठ्यातली जुनी दोरी, नातेवाइकाच्या घरच्या कुत्र्याने वापरलेले फडके. या वस्तू एका खोक्यात ठेवून कुत्र्याला नुसते हुंगू द्यावे, काहीही न सांगता. साचलेल्या पाण्यात भिजलेली वस्तू, अळंबी आणि कण्हेरीची फांदी यांतले काही आणू नये, आणि कुत्रा वस्तू चघळू लागला तर पेटी उचलावी.

स्वयंपाकघरातली कोडी

यासाठी महागडी खेळणी लागतातच असे नाही. इडलीपात्राच्या एका थाळीच्या खळग्यांत थोडे थोडे अन्न घालून प्रत्येकावर टेनिसचा चेंडू ठेवावा. चेंडू नाकाने बाजूला सारला की घास. जुना टॉवेल पसरून त्यावर अन्न भुरभुरावे आणि गुंडाळी करावी. जमू लागले की गुंडाळीला सैल गाठ मारावी. तीन करवंट्यांच्या कडा घासून, पालथ्या घालून, एकीखाली घास ठेवून सरकवण्याचा खेळही चांगला, मात्र खेळ संपताच करवंट्या उचलाव्यात. करवंटीचा तुकडा किंवा सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या गिळला गेला तर आतडे तुंबते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. कुठलेही कोडे देताना समोर बसून राहावे, आणि घरात दोन कुत्री असतील तर दोघांना वेगळ्या खोल्यांत, दार लावून द्यावे. नेहमी गोडीने राहणारी कुत्रीही अन्नाच्या कोड्यावरून भांडतात.

खेळणी विकत घेणार असाल तर निळी किंवा पिवळी घ्यावीत. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे लाल आणि हिरवा यांत त्याला फारसा भेद दिसत नाही, आणि लाल चेंडू मातकट गालिच्यावर हरवून जातो.

पाच मिनिटांचे शिकवणे

दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटे. पावसाळ्यासाठी सर्वांत उपयोगी शिकवण म्हणजे ‘गोणपाटावर जा’. गोणपाट अंथरावे आणि गप्प बसावे. कुत्र्याचा एक पाय त्यावर पडला की ‘बेस’ आणि घास. घास गोणपाटावरच टाकावा. मग दोन पाय, मग चारही, मग बसणे, मग आडवे होणे, असे एकेक पाऊल वाढवावे आणि कुत्रा आपणहून तिथे जाऊ लागल्यावरच शब्द जोडावा. शब्द आधी आणि कृती नंतर असा क्रम लावला की शब्दाला अर्थच येत नाही. त्यानंतर थांबण्याचा वेळ पाच सेकंदांपासून हळूहळू पाच मिनिटांपर्यंत न्यावा. चवथीला घर पाहुण्यांनी भरते, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, फळांचे घोस लोंबत असतात आणि दार दिवसभर उघडे असते. त्या दिवशी हा एक धडा सगळ्या श्रमांचे मोल देतो, पण त्यासाठी तो जुलैमध्येच सुरू करावा लागतो.

वस्तूंची नावे शिकवणे हाही मनाला भरपूर खाद्य देणारा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या वॉफर्ड कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर या आपल्या बॉर्डर कोली कुत्रीला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावे शिकवली होती. त्यांनी त्यासाठी रोज कित्येक तास दिले. आपण पावसाळ्यात चार नावे शिकवली तरी पुष्कळ झाले. एका वेळी एकच वस्तू घ्यावी, ती हातात देताना, आणायला सांगताना, परत घेताना तिचेच नाव घ्यावे, आणि ती पक्की झाल्यावरच दुसरी आणावी. दोन वस्तूंची नावे ऐकायला एकमेकांहून अगदी वेगळी असावीत, हे मी ‘सोद’ आणि ‘सोड’च्या अनुभवाने सांगतो.

चाटणे, चावणे आणि थोडी मस्ती

चाटणे आणि चावणे यांनी कुत्रा शांत होतो, म्हणून ही कामे दुपारच्या झोपेआधी द्यावीत. उकड्या तांदळाची घट्ट, बिनमिठाची पेज भोपळ्याबरोबर घोटून स्टीलच्या ताटाच्या तळाला चोपडावी आणि ताट ओल्या फडक्यावर ठेवावे, म्हणजे ते सरकत नाही. फ्रीझरमध्ये घट्ट करून दिल्यास जास्त वेळ पुरते, पण पावसात वीज जाते, तेव्हा फ्रीझरवर विसंबून राहू नये. शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होऊन घशात किंवा आतड्यात रुततात.

ओढाओढीचा खेळ घरात उत्तम चालतो. दर अर्ध्या मिनिटाने थांबून ‘सोड’ म्हणावे, सोडले की खेळ पुन्हा सुरू करावा. थांबण्याचा हा सराव ओढण्याइतकाच उपयोगी असतो. जिन्यावरून चेंडू फेकणे मात्र टाळावे, वाढत्या वयाच्या पिल्लांच्या बाबतीत तर कटाक्षाने.

गडगडाट आणि फटाके

वीज कडाडली की थरथरणारा, लाळ गाळणारा, पलंगाखाली शिरणारा कुत्रा कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो, आणि त्या वेळी त्याला कोडे देणे निरुपयोगी आहे. अशा घटकेला खिडक्या लावाव्यात, पडदे ओढावेत, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा, आणि तो जिथे लपू इच्छितो तिथे त्याला राहू द्यावे. जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूत चुकीची आहे. तो जवळ आला तर शांतपणे हात फिरवावा. भीती तीव्र असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध मिळते, आणि ते चवथीच्या फटाक्यांपूर्वी पुरेसे आधी विचारून ठेवावे. माणसाची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

दिवसाची बांधणी

आमचा दिवस असा जातो. सकाळी पावसाला खंड पडताच दोघांना शी-शूसाठी बाहेर नेतो. हे कितीही पाऊस असला तरी चुकवत नाही, कारण अंगणात जायची सवय मोडली की ती परत लावायला दिवाळी येते. परतल्यावर निम्मी न्याहारी नाकाच्या कामातून आणि उरलेली वाडग्यातून. अकराच्या सुमारास पाच मिनिटे शिकवणे. दुपारी चाटण्याचे ताट, आणि त्यानंतर तीन तास पूर्ण विश्रांती. संध्याकाळी एक कोडे, थोडी ओढाओढ, आणि रात्री जेवणाआधी गोणपाटाचा सराव. सगळे मिळून माणसाचा वेळ तासाच्या आतच जातो.

विश्रांतीवर मी मुद्दाम भर देतो. मोठा कुत्रा दिवसातले निम्मे किंवा त्याहून अधिक तास झोपतो, पिल्लू आणि म्हातारा कुत्रा आणखी जास्त. उत्साहाच्या भरात दिवसभर काही ना काही खेळवत राहिलेल्या घरांतली कुत्री मी पाहिली आहेत. ती समाधानी नसतात, उलट चिडखोर आणि सतत मागणारी होतात. खेळ संपल्याची खूण म्हणून रिकामे तळहात दाखवावेत आणि खरोखरच संपवावा. म्हाताऱ्या कुत्र्याला नाकाचे काम सर्वांत मानवते, फक्त घास उंचावर ठेवू नयेत. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी दोन मिनिटे पुष्कळ होतात.

आणि उघडीप मिळाली, की हातातले काम टाकून निघावे. अशा वेळी लांबवर भराभर चालण्यापेक्षा वीस मिनिटे सैल दोरीने, कुत्रा नेईल तिकडे जावे आणि त्याला हवे तितके हुंगू द्यावे. पावसाने धुतलेल्या जमिनीवरचे ताजे वास त्याच्यासाठी नवे असतात. साचलेल्या पाण्यातून नेऊ नये, आणि अंधार पडल्यावर गडगा, लाकडांची रास किंवा उंच गवत यांच्याजवळ टॉर्चशिवाय फिरकू नये, कारण बिळांत पाणी शिरल्याने साप याच दिवसांत वर येतात. घरी परतल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट सुक्या फडक्याने टिपावेत, कानांच्या मागे आणि काखेत गोचीड चाचपून बघावेत, आणि कुत्रा पूर्ण सुकेपर्यंत त्याला गोणपाटावरच बसवावे.